दृष्टान्त, ध्येय आणि हजेरीची वही: युवक सेवेच्या एका नियोजन कार्यशाळेचे परीक्षण

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातर्फे आम्ही पाच जण पाचगणीला तीन दिवसांच्या एका निवासी कार्यशाळेला गेलो होतो. मंडळीतल्या युवक सेवेचे व्हिजन कसे ठरवावे आणि त्यातून ध्येये कशी काढावीत, हा तिचा विषय होता. माणशी शुल्क 2,400 रुपये होते आणि त्यात राहणे, जेवण, 84 पानांची कार्यपुस्तिका व पुढचे सहा महिने दरमहा एकदा फोनवरून मार्गदर्शन एवढे धरलेले होते. परत आल्यावर लगेच लिहिले असते तर शिबिराच्या उत्साहात लिहिले गेले असते, म्हणून आठ महिने थांबलो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्या लोकांशी आमचे येणेजाणे आहे. शिवाय अशा कार्यशाळा आता बऱ्याच ठिकाणी जवळपास याच साच्यातून घेतल्या जातात, तेव्हा हे परीक्षण त्या साच्याचे आहे असे समजून वाचले तरी चालेल.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण कार्यशाळा कोणासाठी बेतलेली होती आणि आम्ही कोण होतो यांतले अंतर हाच या परीक्षणाचा मोठा भाग आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत सुरू झाले आणि 1831 साली ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचले. आमची तालुक्याच्या गावची मंडळी त्याच कामातून उभी राहिली आणि पुढे 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्या छत्राखाली आली. पाळकसाहेब एकच, आणि त्यांच्याकडे आमच्याशिवाय आणखी तीन खेड्यांतल्या उपासना असतात. पगारी युवक सेवक वगैरे आमच्याकडे कधीच नव्हता. तरुण संघ म्हणजे नाताळची सजावट, घरोघरची कॅरोल फेरी, ईस्टरची पहाटेची उपासना, हंगामाच्या सणाची मांडामांड आणि रविवारी संध्याकाळी एक तासाची सभा. मी या संघाचा सचिव आहे, आणि पोटापाण्यासाठी पतसंस्थेत कारकुनी करतो.

कार्यशाळेची एक अट मला पहिल्यापासून आवडली. नुसत्या तरुणांना प्रवेश नव्हता, सोबत पाळक किंवा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतला एक तरी माणूस आणणे सक्तीचे होते. आमच्याबरोबर निवृत्त शिक्षक असलेले आमचे मास्तर आले. वय 67, थंडी सोसत नाही, आणि तरुणांच्या सभांबद्दल त्यांचे मत फारसे बरे नाही. दुसरी अट नोंदणीनंतर आलेल्या पत्रात होती: गेल्या दोन वर्षांची हजेरीची वही आणि मंडळीतल्या 15 ते 30 वयाच्या सर्वांची यादी सोबत आणावी. ही अट वाचून आम्ही हसलो होतो. तिचे महत्त्व पहिल्या संध्याकाळी कळले.

तत्पूर्वी पहिल्या सकाळच्या सत्राबद्दल. या विषयावरचे प्रत्येक व्याख्यान ज्या वचनाने सुरू होते त्यानेच हेही सुरू झाले: बायबलमधले नीतिसूत्रे 29:18. व्हिजन नसले की लोक नाश पावतात, असा त्याचा अर्थ पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकला आणि त्यावर तासभर बोलणे झाले. मला हे सत्र कच्चे वाटले. जुन्या इंग्रजी भाषांतरात लोक नाश पावतात असे आहे खरे, पण मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ते अनावर होतात असे आहे आणि मूळ इब्री क्रियापदाला तेच जवळचे आहे. निर्गम 32:25 मध्ये सोन्याच्या वासराभोवती लोक मोकाट सुटले, तिथेही तेच क्रियापद येते. शिवाय वचनाचा अर्धा भाग पडद्यावर आलाच नाही. त्या अर्ध्या भागात नियमशास्त्र पाळणारा धन्य असे म्हटले आहे. म्हणजे तिथे बोलणे चालले आहे ते देवाने संदेष्ट्यांना दाखविलेल्या गोष्टीचे. समितीने फळ्यावर लिहिलेल्या पंचवार्षिक संकल्पाशी त्याचा संबंध नाही. मराठीत हा घोटाळा होण्याचे खरे तर कारण नव्हते. आपल्या शास्त्रात अशा दर्शनाला दृष्टान्त म्हणतात: पौलाला रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला तो दृष्टान्त, आणि येशूने सांगितलेल्या गोष्टी ते दाखले. रोजच्या मराठीत दृष्टान्त म्हणजे उदाहरण, हा भाग वेगळा. पण मंडळीत वाढलेल्या माणसाला दृष्टान्त म्हटले की तो वरून येतो, आपण बसून तयार करीत नाही, हे आपोआप कळते. मास्तर चहाच्या वेळी म्हणाले, "योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात तरुणांना दृष्टान्त होतील आणि म्हाताऱ्यांना स्वप्ने पडतील असे आहे. तक्ते कोणी भरायचे ते तिथे दिलेले नाही." मास्तरांचा विनोद असा असतो.

पण शब्दाचा प्रश्न नुसत्या विनोदावर सोडण्यासारखा नाही. व्हिजन, मिशन, गोल, ऑब्जेक्टिव्ह या चार इंग्रजी शब्दांसाठी कार्यपुस्तिकेत दृष्टी, ध्येय, उद्दिष्ट आणि लक्ष्य असे चार शब्द योजले आहेत, आणि ते पुस्तिकेभर एकमेकांच्या जागी बसत राहतात. पान 12 वर जे ध्येय आहे ते पान 31 वर उद्दिष्ट होते. आमच्या गटातल्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी सरळ विचारले, "ताई, यातला एकेक शब्द काय विचारतो ते प्रश्नाच्या रूपात सांगता का?" प्रशिक्षिका क्षणभर थांबल्या, मग त्यांनी पडदा बंद केला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. आपली मुले कशी झालेली आपल्याला पाहायची आहेत? त्यासाठी आपण काय करणार? ते केले की नाही हे कोणत्या तारखेला तपासणार? उरलेल्या वेळात आमच्या टेबलावर पुस्तिकेपेक्षा हे तीन प्रश्नच जास्त वापरले गेले. मला विचाराल तर 84 पानांतली निम्मी पाने या तीन ओळींनी भरून निघतात.

आता पहिल्या संध्याकाळविषयी, कारण शुल्काचे पैसे तिथेच वसूल झाले.

जेवणाआधी दीड तास प्रत्येक मंडळीला वेगळ्या टेबलावर बसवले आणि वह्या काढायला सांगितल्या. कृती साधी होती. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: तो किंवा ती सभेला शेवटची कधी आली, आपल्यापैकी कोणी त्यानंतर तिच्याशी बोलले का, आणि आज ती कुठे आहे. आमच्या यादीत 43 नावे होती. नियमित येणारे 16. उरलेल्या 27 जणांचे काय, हा प्रश्न आम्ही संघ म्हणून एकदाही विचारला नव्हता. "तरुण येत नाहीत" असे मात्र दर पंच कमिटीत म्हटले जाते.

वही चाळताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आमची वही म्हणजे साधी लांबट रजिस्टर, दर तीन महिन्यांनी नवे पान. नवे पान सुरू करताना नावे मीच उतरवतो. एका मुलाच्या नावापुढे सलग सात रविवार गैरहजेरीची फुली होती आणि त्यापुढच्या पानावर त्याचे नावच नव्हते. कोणी काढले नव्हते, कोणी ठरवले नव्हते, पान उलटताना ते उतरवायचे राहिले एवढेच. आणखी मागे गेल्यावर तसे नऊ जण सापडले. अक्षर सगळीकडे माझेच. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा वहीकडे पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

रात्रीपर्यंत आमच्या 27 जणांचा हिशेब लागला. अकरा जण पुणे, चाकण, रांजणगाव आणि मुंबईकडे नोकरीला गेलेले. सहा जण शिक्षणासाठी बाहेर, त्यांत चार नर्सिंगच्या मुली. चौघी लग्न होऊन सासरी. तिघे गावातल्याच दुसऱ्या एका भक्तिसभेला जाणारे. आणि तिघांबद्दल आम्हा पाच जणांपैकी कोणालाही काही सांगता आले नाही. म्हणजे ज्यांना आम्ही रुसलेले किंवा थंडावलेले समजत होतो त्यांतले बहुतेक गावातच नव्हते. चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारी असते. रविवारी संध्याकाळच्या सभेला तिथला मुलगा इच्छा असली तरी येणार कसा?

अशी मोजदाद ही काही नवी युक्ती नाही, आणि संस्थेने तिचा उगम सांगितला असता तर बरे झाले असते. प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या तरुण संघांना आज जो आकार आहे त्याचा मोठा भाग ख्रिश्चन एन्डेव्हर चळवळीतून आलेला आहे. फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी 2 फेब्रुवारी 1881 रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यातील पोर्टलंड येथे आपल्या मंडळीतल्या मुलांना घेऊन ती सुरू केली. 1909 साली तिचे जागतिक अधिवेशन आपल्याकडे आग्र्याला भरले होते. तिचे ब्रीद होते, ख्रिस्तासाठी आणि मंडळीसाठी. तीन शब्दांत बसलेले व्हिजन यापेक्षा नेटके मी पाहिलेले नाही. पण त्या संघांचा टिकाऊपणा ब्रीदापेक्षा त्यांच्या समित्यांत होता. त्यांतल्या एका समितीकडे नवे सभासद आणणे आणि जे येईनासे झाले त्यांची मायेने विचारपूस करून त्यांना परत जोडून घेणे एवढेच काम असे. आपण चळवळीची सभा तेवढी उचलली, अध्यक्ष-सचिव-खजिनदार उचलले, आणि ही समिती कुठे तरी वाटेत गळाली.

दुसरा दिवस व्हिजनचे वाक्य लिहिण्याचा. इथे कार्यशाळा चांगली चालली, याचे श्रेय प्रशिक्षिकांना द्यायला हवे. त्यांनी अनेक वर्षे ग्रामीण वसतिगृहांत काम केले आहे आणि ते बोलण्यात दिसते. आधी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला. यरुशलेमेत पोहोचल्यावर तो तीन दिवस गप्प आहे, मग रात्री मोजकी माणसे घेऊन पडक्या भिंतीभोवती फिरतो, आणि "चला, बांधू" हे त्यानंतर म्हणतो. पाहणी आधी आणि घोषणा नंतर, हे वहीच्या संध्याकाळनंतर वेगळे समजवावे लागले नाही.

आमचा पहिला मसुदा होता, "ख्रिस्तासाठी पेटून उठलेली पिढी घडविणे." टाळ्या पडण्यासारखे वाक्य. ताईंनी विचारले, यातून तुमच्या गावाचे नाव काढून दुसऱ्या कुठल्याही गावाचे घातले तर काही बदलते का? मुळात आमचे नाव त्यात नव्हतेच. दुसरा प्रश्न त्याहून बोचरा होता: हे वाक्य खरे मानले तर आजपासून तुम्ही काय करणे बंद कराल? ज्या वाक्यामुळे काहीच बंद होत नाही ते वाक्य भिंतीवर लावायला चांगले, असे त्या म्हणाल्या. सभागृहात दहा मंडळ्या होत्या आणि बहुतेकांचे पहिले वाक्य याच दोन प्रश्नांवर कोसळले. पिढी, पुनरुज्जीवन, परिवर्तन, प्रभाव हे शब्द फळ्यावरून एकेक करून पुसले गेले, आणि पुसताना थोडे वाईटही वाटत होते, कारण प्रार्थनेत आपण हेच शब्द वापरतो.

दुपारभर वाद घालून आमचे जे वाक्य तयार झाले ते असे: आमच्या मंडळीतले प्रत्येक तरुण माणूस, गावात असो की नोकरीच्या गावी, शास्त्र स्वतः वाचणारे, एखाद्या मंडळीत रुजलेले आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे असावे. यात "एखाद्या" या शब्दावर मास्तरांनी अर्धा तास हरकत घेतली. आपल्या मंडळीत असे का म्हणायचे नाही? शेवटी नर्सिंगच्या मुलीनेच त्यांना विचारले, "मास्तर, मी मिरजेला राहते. तिथे मी उपासनेला जावे की नाही?" मिरजेला 1894 साली मिशनचे रुग्णालय सुरू झाले, तिथे मराठी मंडळी आहे, आणि तरी दीड वर्षात आमच्यापैकी कोणीही तिला तिथल्या कोणाची ओळख करून दिली नव्हती. "एखाद्या" राहिले.

त्याच दुपारी आमच्या हातून एक भर पडली. पुस्तिकेत "तुमच्या मंडळीचा वारसा" असे अर्धे पान आहे, त्यावर नमुना म्हणून परदेशातल्या एका उपनगरी चर्चच्या इमारतीचा इतिहास छापलेला आहे. आम्ही त्या जागी कवी नारायण वामन टिळकांना लिहिले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, बरीच हयात नगरला गेली, आणि आयुष्याच्या अखेरीस 1917 साली त्यांनी मिशनच्या चौकटीबाहेर पडून देवाचा दरबार उभारायला घेतला, तो ख्रिस्ताचे अनुयायित्व देशी वळणाने जगता यावे म्हणून. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार रुजला नाही. व्हिजन कसे असते आणि ते कशावाचून अडते या दोन्हींसाठी आमच्या जिल्ह्यात याहून जवळचा धडा नाही, आणि आम्ही मात्र पुस्तिकेतून उपनगरातली इमारत वाचत होतो.

पुस्तिकेचा मोठा दोष हाच आहे. ती इंग्रजीतून घेतलेली आहे आणि भाषा बदलली तरी माणसे बदललेली नाहीत. तिच्यातल्या युवक सेवेला पूर्णवेळ पगारी सेवक आहे, वेगळी खोली आहे, वर्षाचे मंजूर अंदाजपत्रक आहे आणि शनिवारी रात्री मुलांना मोटारीने आणून सोडणारे आईबाप आहेत. आमचे अंदाजपत्रक म्हणजे कॅरोल फेरीत जमलेले 18,000 रुपये. आमच्या मुलांच्या वर्षाचा आकार 12वीची परीक्षा, पोलीस भरतीचे मैदान, कारखान्यातल्या पाळ्या आणि लग्नसराई यांनी ठरतो. यांतला एकही शब्द 84 पानांत नाही. पुढच्या आवृत्तीत निदान नमुन्याची उदाहरणे तरी इथली घालावीत. त्याला परवानगी लागते असे मला वाटत नाही.

तिसरा दिवस ध्येयांचा, आणि माझ्या मते सर्वांत असमान. सकाळी दुसऱ्या प्रशिक्षकांनी स्मार्ट नावाची कसोटी शिकवली. ध्येय नेमके, मोजता येणारे, आवाक्यातले, विषयाला धरून आणि मुदतीचे असावे, असे तिचे म्हणणे आहे. या कसोटीचे मूळ रूप जॉर्ज डोरन या व्यवस्थापन सल्लागाराने 1981 साली मांडले. कसोटी कामाची आहे, तिला कोणी नाव ठेवू नये. पण ती जणू शास्त्रातून निघाली अशा थाटात सांगितली गेली आणि पुरावा म्हणून पुन्हा नहेम्याच पुढे आला: भिंत 52 दिवसांत पुरी झाली, पाहा, मुदतीचे ध्येय! तिथेच पुस्तक मिटल्यामुळे हे जमले. आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचले जाते तेव्हा लोक रडतात, आणि तेराव्यात नहेम्या काही काळाने परत येतो तर तेच लोक शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी बाजार भरवून बसलेले असतात. भिंतीला तारीख घालता येते आणि माणसांना तशी घालता येत नाही, एवढे त्या एका पुस्तकातच स्पष्ट आहे.

याचा परिणाम टेबलांवर दिसला. शेजारच्या मंडळीने "डिसेंबरपर्यंत दहा तरुणांचे तारण" असे ध्येय लिहिले आणि ते कसोटीच्या पाचही अटींत बसले. कोणीतरी पहिल्या करिंथकरांतले तिसऱ्या अध्यायातले वचन आठवून दिले, की लावणारा पौल, पाणी घालणारा अपुल्लोस, पण वाढविणारा देव. त्यावर सकाळच्या प्रशिक्षकांकडे उत्तर नव्हते. दुपारी ताईंनी ते निस्तरले. त्यांचा नियम असा: लावणे आणि पाणी घालणे एवढ्याचेच ध्येय लिहा, उगवण्याचे लिहू नका. आपण किती जणांना भेटणार, किती जणांबरोबर शास्त्र वाचणार, किती जणांची नव्या गावात ओळख करून देणार हे आपल्या हातातले आहे आणि मोजावेच. त्यातून कोणाचे मन कसे वळेल ते प्रार्थनेच्या वहीत लिहा, तक्त्यात लिहू नका. हा एक नियम पुस्तिकेत छापलेला नाही आणि छापायला हवा होता.

एक उणीव मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या गटात 15 ते 18 वयाची मुलेमुली आहेत त्या गटाच्या नियोजनात त्यांच्या सुरक्षिततेचा विचार शेवटी अर्ध्या पानात उरकता येत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. शिबिराला नेताना पालकांची लेखी संमती, मुलींसोबत जबाबदार स्त्री, एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत समुपदेशन न करणे, तक्रार आली तर ती मंडळीत न दाबता कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी कळवणे, हे सगळे ध्येयांच्याही आधी लिहायचे. मी प्रश्न विचारला तेव्हा "पाळकांच्या मार्गदर्शनाने करावे" असे मोघम उत्तर मिळाले. या बाबतीत संस्थेला मी नापास करतो.

राहण्या-जेवण्याबद्दल फार लिहायचे नाही. खोल्या स्वच्छ, ब्लँकेटे अपुरी, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, पिठले-भाकरीचे जेवण उत्तम. मास्तरांना तळमजल्यावर खोली मागून घ्यावी लागली. गायनासाठी एकही मराठी उपासना गीत निवडलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी मास्तरांनीच टाळ मागवून भजन धरले, आणि तीन दिवसांत सगळे जण एका सुरात गायले ते तेवढेच.

खरी तक्रार नंतरच्या सेवेची आहे. सहा महिने सहा फोन असे शुल्कातच धरलेले होते. प्रत्यक्षात दोन आले. त्यातला पहिला ताईंचा, पाऊण तास, फार उपयोगी. दुसरा कार्यालयातून, पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेला किती जण येणार ते विचारायला. व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी फुलांसहित वचने येतात आणि नियोजनाबद्दल विचारलेला प्रश्न त्यांच्याखाली पुरला जातो. ही रक्कम जाहीरपणे फोनच्या नावाने घेऊ नये, किंवा फोन करावेत.

आता आठ महिन्यांनंतर आमच्याकडे काय उरले आहे ते सांगतो, कारण अशा सेवेचे मोल दुसरे कुठे दिसणार? आम्ही वर्षासाठी चार ध्येये लिहिली होती. पहिले, 27 जणांपैकी प्रत्येकाशी ईस्टरपर्यंत कोणीतरी बोलणे. दोघा-दोघांच्या जोड्यांनी 24 जणांशी बोलणे झाले. ते तीन बेपत्ता जण होते त्यांतला एक सापडला, दोघे अजून नाहीत. म्हणजे ईस्टरची मुदत चुकली. दुसरे, चाकण-रांजणगावच्या मुलांसाठी महिन्यातून एकदा गुरुवारी फोनवरून शास्त्रवाचन. पहिल्यांदा चार आले, मग सात, मग दोन. जूनमध्ये पाच. तिसरे, 12वी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची नव्या गावातल्या एका पाळकांशी, कुटुंबाशी किंवा विद्यार्थी संघाशी निघण्यापूर्वी ओळख करून देणे. या वर्षी पाच जण होते, पाचही जणांची झाली. पुण्यातल्या दोघांना आम्ही विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या यू.ई.एस.आय.च्या महाविद्यालयीन गटाचा पत्ता दिला. 1954 पासूनची ही संघटना आमच्या संघातल्या कोणालाही ठाऊक नव्हती. ती आम्हाला पाचगणीला जेवणाच्या रांगेत कळली.

चौथे ध्येय बंद करण्याचे होते. दोन महिने तालमी खाणारे नाताळचे नाटक या वर्षी करायचे नाही आणि तो वेळ भेटींना द्यायचा, असे आम्ही ठरवले. पंच कमिटीत यावर जे झाले त्याचे वर्णन करीत नाही. चाळीस वर्षांचे नाटक, वेशभूषेची पेटी, मेंढपाळांच्या दाढ्या, सगळ्यांचे बालपण त्यात अडकलेले. पाळकसाहेब मधोमध सापडले. अखेर मास्तर उभे राहिले, पिशवीतून हजेरीची वही काढली आणि ज्या पानावर ती नऊ नावे उतरवायची राहिली होती ते पान त्यांनी काही न बोलता अध्यक्षांसमोर ठेवले. नाटक पूर्ण बंद झाले नाही. वीस मिनिटांचे झाले, शब्बाथशाळेच्या मुलांकडे गेले, आणि तरुणांच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. कार्यशाळेतल्या कुठल्याही तक्त्यात अशा तडजोडीला रकाना नव्हता.

तर जावे की नाही? ज्या मंडळीत पाळक किंवा पंचांपैकी कोणीतरी सोबत यायला तयार आहे आणि हजेरीची खरी वही नेण्याची तयारी आहे, तिने जावे. पहिली संध्याकाळ आणि दुसरा दिवस 2,400 रुपयांना महाग नाही. ज्यांना नुसते भिंतीवर लावायला वाक्य हवे आहे त्यांनी जाऊ नये, ते घरी बसूनही होते. शहरातल्या मोठ्या, पगारी सेवक असलेल्या मंडळ्यांना पुस्तिका आमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. खेड्यातल्या मंडळ्यांनी ती कपाटात ठेवून ताईंचे तीन प्रश्न तेवढे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावेत. नोंदणी करताना सहा फोन कोण करणार आणि कोणत्या तारखांना, हे लेखी मागून घ्यावे. थंडीत जाणाऱ्यांनी ब्लँकेट घरून न्यावे.

आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा दोघांना पाठवणार आहोत. हजेरीच्या वहीचे नवे पान या महिन्यात सुरू झाले, त्यावर 43 नावे आणि या वर्षी दृढीकरण (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याचा विधी) झालेल्या सहा जणांची, अशी सगळी उतरवली आहेत. उतरवण्याचे काम आता माझ्याकडे नाही, नर्सिंगची ती मुलगी सुट्टीला आली होती तेव्हा तिने ते मागून घेतले.